गंजाचा खर्च, जस्ताचा हिशेब

सहा मिलिमीटर जाडीच्या एक टन पोलादी प्लेटचे दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ साधारण साडेबेचाळीस चौरस मीटर भरते. आयएस ४७५९ हे भारतीय मानक सांगते, की पाच मिलिमीटर आणि त्याहून जाड पोलादावर चौरस मीटरला किमान ६१० ग्रॅम जस्त चढले पाहिजे. म्हणजे टनामागे २६ किलो. जस्ताचा भाव किलोला २८० रुपये धरला, तर सव्वासात हजार रुपयांचे जस्त. त्यावर आम्ल, इंधन, मजुरी, राख आणि गाळ होऊन जाणारी तूट, कारखानदाराचा नफा. ही रक्कम आज मोजायची की वाचवायची, हा प्रश्न पूल, मनोरे, शेड, कठडे, विजेचे खांब अशा प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात येतो. आपल्याकडे त्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘वाचवा, रंग मारून घेऊ’ असे दिले जाते. माझ्या मते यातली बरीच उत्तरे चुकतात, आणि ती अभियांत्रिकीत नाही, हिशेबात चुकतात.

गॅल्व्हनायझिंगचे, म्हणजे पोलादावर जस्त चढवण्याचे, हे तंत्र जुने आहे. फ्रान्समध्ये पॉल-जाक मालुइन यांनी १७४२ मध्ये वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याची रीत मांडली. पुढे स्तानिस्लास सोरेल यांनी १८३७ च्या सुमारास तिचे पेटंट घेतले. जस्त भट्टीतून काढण्याची विद्या तर त्याहून कितीतरी आधी राजस्थानात, उदयपूरजवळच्या झावर येथे मोठ्या प्रमाणावर चालत होती. आज जगात निघणाऱ्या जस्तापैकी सुमारे निम्मे जस्त पोलादाला गंजापासून वाचवण्यासाठीच खर्ची पडते.

कारखान्यात काय घडते ते पाहिले म्हणजे पैशाचे गणितही उलगडते. फॅब्रिकेशन होऊन आलेला माल आधी अल्कलीच्या टाकीत जातो, तेलकटपणा निघतो. मग पाणी, मग हायड्रोक्लोरिक आम्ल. याला पिकलिंग म्हणतात. जुना गंज आणि रोलिंग मिलमधून आलेली काळी पापडी इथे सुटते. पुन्हा पाणी, मग झिंक अमोनियम क्लोराइडचे फ्लक्स, मग वाळवण. त्यानंतर क्रेनच्या हुकाला तारेने बांधलेली अँगलची जुडी केटलवर येते. केटलमध्ये सुमारे ४५० अंश सेल्सिअसला वितळलेले जस्त असते. कामगार लांब दांड्याच्या फावड्याने वरची राख बाजूला सारतात, जुडी तिरपी करून आत सोडतात. फ्लक्स जळताना पांढऱ्या धुराचा लोट उठतो, तडतड होते, आणि काही मिनिटांत ती तडतड थांबते. तडतड थांबणे ही पोलादाने जस्ताचे तापमान घेतल्याची खूण. बाहेर काढण्याआधी पुन्हा राख सारायची, कारण ती चिकटली तर माल डागाळतो. मग माल सावकाश वर उचलला जातो आणि टोकाशी लोंबणारे थेंब झटकले जातात.

त्या काही मिनिटांत लोखंड आणि जस्त यांच्यात रासायनिक क्रिया होऊन मिश्रधातूचे थर तयार झालेले असतात. वरचा थर शुद्ध जस्ताचा, मऊ. खालचे थर लोखंड-जस्ताचे, आणि त्यातले काही मूळ पोलादापेक्षाही कठीण. ट्रकमध्ये चढवता-उतरवताना रंगाला ओरखडे पडतात. हे थर सहज निघत नाहीत. शिवाय ओरखडा पडलाच, तर जस्त स्वतः झिजते आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला वाचवते. रंगाचे तसे नाही. रंगाला एक भोक पडले की गंज रंगाच्या आतून पसरत जातो आणि वरून फोड दिसेपर्यंत पत्ताच लागत नाही. पोकळ पाइपच्या आत ब्रश जात नाही, वितळलेले जस्त जाते. कोपऱ्यावर रंग पातळ बसतो, जस्ताचा थर मात्र कोपऱ्यावरही भरीव राहतो. यातल्या प्रत्येक गोष्टीला पुढे रुपयांत किंमत आहे.

आता आयुष्याकडे वळू. ६१० ग्रॅमचा थर म्हणजे सुमारे ८५ मायक्रॉन. हवेत जस्त किती वेगाने झिजते याची वर्गवारी आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. मध्यम हवेत, म्हणजे त्यांच्या तिसऱ्या वर्गात, पहिल्या वर्षाचा वेग ०.७ ते २.१ मायक्रॉन असतो. चौथ्या वर्गात २.१ ते ४.२. समुद्राचा खारा वारा थेट लागतो अशा पाचव्या वर्गात ४.२ ते ८.४. साधा भागाकार केला तरी ८५ मायक्रॉन थर तिसऱ्या वर्गात ४० वर्षांहून जास्त, चौथ्यात २० ते ४०, पाचव्यात १० ते २० वर्षे पुरतो. जस्तावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने एक घट्ट पापुद्रा बसत असल्यामुळे नंतरच्या वर्षांत वेग सहसा कमी होतो. पुण्या-नाशिककडच्या हवेत आणि देवगड-मालवणच्या हवेत किती फरक पडतो, तेही या भागाकारातून दिसते. कोकणातल्या कामाला देशावरचे अंदाजपत्रक जसेच्या तसे लावणे म्हणजे आयुष्य निम्म्यावर आणणे.

आणि इथेच सामान्य ग्राहकाची मोठी फसगत होते. घराच्या, गोठ्याच्या, पडवीच्या छपराला आपण जो पत्रा घेतो तोही गॅल्व्हनाइज्डच असतो, पण त्याचा थर वेगळ्या मापाने सांगतात. पत्र्याचा आकडा दोन्ही बाजू मिळून असतो. १२० ग्रॅमचा पत्रा म्हणजे एका बाजूला ६० ग्रॅम, साडेआठ मायक्रॉनसुद्धा नाहीत. चौथ्या वर्गाच्या हवेत तो दोन ते चार वर्षांत जस्त गमावून बसेल. २७५ ग्रॅमचा पत्रा घेतला तर एका बाजूला १९ मायक्रॉन, म्हणजे साडेचार ते नऊ वर्षे. दुकानात दोन्ही सारखेच चकाकतात. पत्रा गेजवर विकला जातो, ग्रॅमवर नाही. गिऱ्हाईक जाडी विचारते आणि कोटिंग विचारत नाही. बोल्टचीही तीच गत. झिंक प्लेटिंग केलेला चकचकीत बोल्ट विजेच्या प्रक्रियेने मुलामा दिलेला असतो, त्यावर सहसा पाच ते बारा मायक्रॉन जस्त. हॉट डिप केलेला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेला, बोल्ट मळकट, खरखरीत दिसतो, म्हणून तो नको वाटतो. ८५ मायक्रॉनचा सांगाडा ८ मायक्रॉनच्या बोल्टांनी जोडला, तर सांगाड्याचे आयुष्य बोल्टाएवढेच. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणे चौकशी समितीच्या अहवालातून पुढे आल्याच्या बातम्या होत्या. नटबोल्ट गंजल्याचा इशारा कोसळण्याच्या काही दिवस आधी दिला गेला होता, हेही प्रसिद्ध झाले. खाऱ्या हवेत गंज किती लवकर काम करतो, हे महाराष्ट्राने त्या वेळी फार जवळून आणि फार दुःखाने पाहिले.

रंग आणि जस्त यांच्या तुलनेत एक मुद्दा क्वचितच बोलला जातो. रंगाचा दर चौरस मीटरवर लागतो, गॅल्व्हनायझिंगचा किलोवर. सहा मिलिमीटरच्या एक टन मालाचे क्षेत्रफळ साडेबेचाळीस चौरस मीटर, तर तीन मिलिमीटरच्या टनाचे पंच्याऐंशी. म्हणजे माल जितका हलका तितका रंग महाग. हलक्या मालाला किलोमागे जस्त जास्त लागते आणि कारखानदार थोडा चढा दर लावतो, तरी अँगलचे मनोरे, जाळ्या, कठडे, सौर पॅनेलचे सांगाडे अशा कामांत हॉट डिप पहिल्या दिवशीही चांगल्या दर्जाच्या तीन थरांच्या रंगाच्या बरोबरीला किंवा खाली येऊ शकते. उलट जाड प्लेटचे गर्डर असतील तर पहिल्या दिवशी रंग स्वस्त पडतो. म्हणून ‘गॅल्व्हनायझिंग महाग असते’ हे सरसकट वाक्य चूक आहे, आणि ‘नेहमी स्वस्त असते’ हेही.

पहिला दिवस संपल्यावर मात्र चित्र बदलते. एक उदाहरण करून पाहू. पहिल्या रंगाला १०० रुपये लागले असे धरा. जागेवर जाऊन पुन्हा रंगवायचे तर परांची, जुना रंग खरवडणे, कामबंदी मिळून १२० रुपये धरा, आणि हे दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या वर्षी करा. महागाई वगळून ४ टक्के व्याज धरले, तर त्या तीन खर्चांची आजची किंमत अनुक्रमे ८१, ५५ आणि ३७ रुपये होते. एकूण २७३. पैसा महाग आहे म्हणून ८ टक्के धरले तरी बेरीज १९३. म्हणजे चाळीस वर्षे टिकणाऱ्या हवेत गॅल्व्हनायझिंग पहिल्या रंगाच्या जवळजवळ दुप्पट महाग असले, तरी हिशेब बरोबरीत सुटतो. प्रत्यक्षात ते क्वचितच तेवढे महाग असते. हे आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत. वाचकाने आपल्या कामाचे दर घालून तीच बेरीज करावी. दहा वर्षांचे अंतरही मी उदार हाताने धरले आहे, कोकण किनाऱ्यावर साधा रंग एवढा तग धरत नाही.

पॅरिसचा आयफेल मनोरा १८८९ पासून सरासरी सात-आठ वर्षांनी रंगवला जातो आणि दर खेपेला सुमारे ६० टन रंग लागतो. त्या मनोऱ्याचे तिकीट काढायला जग येते, म्हणून तो खर्च निघतो. विजेच्या मनोऱ्याला तिकीट नसते. तिथे रंगवायचे तर वाहिनी बंद करावी लागते, रेल्वेच्या ओव्हरहेड खांबांसाठी ब्लॉक घ्यावा लागतो, पुलासाठी वाहतूक वळवावी लागते. हा खर्च रंगाच्या डब्यावर लिहिलेला नसतो. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. दरडी, बोगदे आणि चार महिने कोसळणारा पाऊस असलेल्या त्या मार्गावर खांब रंगवत फिरायची कल्पनाच करवत नाही. पावसाचा आणखी एक मुद्दा आहे. रंगाला कोरडा पृष्ठभाग हवा, दोन थरांमध्ये वेळ हवा. जून ते सप्टेंबर कोकणात उघड्यावर रंगकाम जवळपास थांबते. केटल मात्र छपराखाली असते, माल एका दिवसात तयार होतो. काम चार महिने आधी पुरे होणे म्हणजे कर्जावरचे चार महिन्यांचे व्याज वाचणे.

गंजाची पूर्ण किंमत पाहायची तर गोव्यात जावे लागेल. मांडवी नदीवरचा नेहरू पूल १९७० मध्ये वाहतुकीला खुला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. आतल्या ताण दिलेल्या पोलादी केबल गंजल्या होत्या. सोळा वर्षांत पूल गेला, आणि नवा उभा राहीपर्यंत पणजी आणि बेती यांच्यातली माणसे, माल, रुग्णवाहिका, सगळे फेरीबोटींवर आले. त्या वर्षांत गोव्याने किती तास, किती डिझेल, किती धंदा गमावला याची नोंद कोणत्याही निविदेत नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर उच्च ताणाच्या केबलींना हॉट डिप हा सरळ उपाय नाही, त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. पण साध्या काँक्रीटमधल्या सळ्यांना तो लागू पडतो. त्याच १९८६ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीचे कमळमंदिर खुले झाले. तिथल्या पांढऱ्या पाकळ्यांवर गंजाचे डाग उमटू नयेत म्हणून आतल्या सळ्या गॅल्व्हनाइज केलेल्या आहेत.

२०१६ मध्ये नेस या संस्थेने केलेल्या जागतिक अभ्यासात गंजाचा वार्षिक खर्च अडीच लाख कोटी डॉलर, म्हणजे जगाच्या उत्पादनाच्या ३.४ टक्के, काढला होता. भारतासाठी तो आकडा ४.२ टक्के होता, सुमारे ७० अब्ज डॉलर. आज उपलब्ध असलेल्या उपायांनीच यातला १५ ते ३५ टक्के खर्च टळू शकतो, असे तो अभ्यास म्हणतो. हे सगळे जस्ताने टळेल असा त्याचा अर्थ नाही. या विषयावरचे बरेच अनुकूल आकडे जस्त उद्योगाच्या संघटनांकडून येतात, हे लक्षात ठेवून ते वाचावेत.

म्हणून मर्यादाही मोकळेपणाने सांगायला हव्यात. केटल जेवढी लांब तेवढाच माल. रामेश्वरमच्या नव्या पांबन पुलाचा ७२.५ मीटरचा उचलता गाळा कोणत्याही केटलमध्ये मावणार नाही. तिथे पॉलिसिलॉक्सेन रंग वापरला, आणि तो योग्यच होता. आम्लाची वाफ असलेल्या रासायनिक कारखान्यात जस्त लवकर हरते. पातळ पत्र्याचे काम केटलमध्ये वाकते. बंद पाइपला हवेची भोके ठेवली नाहीत तर आतली वाफ फुटून कामगारांचा जीव जाऊ शकतो, आणि हे डिझाइन करणाऱ्याने आधीच पाहायचे असते. पोलादात सिलिकॉन ०.०३ ते ०.१२ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर थर नको तितका जाड आणि काळपट चढतो, जस्त वाया जाते. स्वस्तात मिळेल ते पोलाद आणून डिपिंगला पाठवणाऱ्यांना हा खर्च नंतर कळतो. आणि पावसाळ्यात नवा माल ओला एकावर एक रचून ठेवला की पांढरा गंज धरतो. चाळीस वर्षांचा थर गोदामातच चार आठवड्यांत खराब करणारी ही चूक टाळायला फक्त दोन थरांमध्ये लाकडी फळ्या आणि वर छप्पर लागते.

कारखानदाराच्या बाजूनेही एक नजर टाकू, कारण दर तिथे ठरतो. सात मीटर लांब, सव्वा मीटरच्या आसपास रुंद आणि दोन मीटर खोल केटलमध्ये सुमारे ११० टन जस्त मावते. वरच्याच भावाने तीन कोटी रुपये तिथे वितळून बसलेले असतात, आणि ते थंड होऊ देता येत नाही. मागणी असो वा नसो, भट्टी रात्रंदिवस चालू. त्यात जस्ताचा भाव लंडनच्या बाजारात ठरतो. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये तो टनाला ४,००० डॉलरच्या वर गेला आणि पुढच्याच वर्षी २,५०० च्या खाली आला. ज्याने वर्षभराचा ठराविक दर देऊन ठेवला असेल त्याला अशा काळात थर पातळ करण्याचा मोह होतो, हे समजून घेऊन ग्राहकाने भाव-बदलाचे कलम करारात ठेवावे. केटलच्या तळाचा गाळ (ड्रॉस) आणि वरची राख मात्र वाया जात नाही. राखेपासून झिंक सल्फेट बनते आणि ते जस्ताची उणीव असलेल्या शेतात परत जाते. वापरलेले आम्ल हा प्रश्न अजून नीट सुटलेला नाही. त्याची योग्य विल्हेवाट लावणाऱ्या कारखान्याचा दर थोडा जास्त येतो, आणि तो जास्त दर देणे हाही या हिशेबाचा भाग आहे.

शेतीत हे सगळे आपल्या अंगणात येते. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत अँगल आणि तारा यांचा मांडव हा बागायतदाराचा मोठा खर्च. घडांनी लगडलेली ओळ वादळी वाऱ्यात खाली आली, तर एका तारेच्या बचतीत हंगाम जातो. बागेवर बोर्डो मिश्रण फवारतात, त्यात मोरचूद असते, आणि तांब्याचे क्षार जस्ताला खातात. म्हणून बागेच्या तारेला साध्या कुंपणाच्या तारेपेक्षा जाड कोटिंग हवे. गंमत म्हणजे याच मोरचुदाने जस्ताची परीक्षाही होते. आयएस २६३३ प्रमाणे नमुना मोरचुदाच्या द्रावणात एकेक मिनिट बुडवतात, धुतात, पुन्हा बुडवतात. जस्त जिथे संपले तिथे लालसर, चकचकीत तांबे चिकटून बसते आणि पुसून जात नाही. किती बुडव्या सोसल्या त्यावर थर कुठे पातळ आहे ते कळते. सौर पंपांच्या सांगाड्यांनाही आता हॉट डिप मागितले जाते, आणि बसवून घेताना मायक्रॉन मोजून दाखवा म्हणण्याचा शेतकऱ्याला पूर्ण हक्क आहे.

एवढे सगळे उघड असताना रंगच का जिंकतो? घोडे पेंड खाते ते इथे: बांधकामाचा पैसा एका लेखाशीर्षातून येतो, देखभालीचा दुसऱ्या. बांधणारा अभियंता पाच वर्षांत बदलून जातो, गंज पुढच्याच्या वाट्याला येतो. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते, आणि त्या दरात दहाव्या वर्षाचा रंग नसतो. गृहनिर्माण संस्थेतही तेच, बिल्डर जिने आणि पाण्याच्या टाकीचे स्टँड रंगवून देतो, सभासद पुढे दर चार वर्षांनी वर्गणी काढतात. ज्याच्या खिशाला चाट बसते तो निर्णयाच्या वेळी टेबलाशी नसतो.

निविदा लिहिणाऱ्यांना, संस्थेच्या सचिवांना आणि बागायतदारांना म्हणून एक विनंती. ‘गॅल्व्हनाइज्ड’ एवढाच शब्द लिहून थांबू नका. लिहा: हॉट डिप, आयएस ४७५९ प्रमाणे, पाच मिलिमीटर व अधिक जाडीला चौरस मीटरमागे किमान ६१० ग्रॅम, बोल्टही हॉट डिप, वेल्डिंग आणि भोके डिपिंगच्या आधी, प्रत्येक लॉटबरोबर जाडीचा मापन अहवाल, आणि दर देताना तीस वर्षांच्या देखभालीची बेरीज वेगळ्या रकान्यात.